भोपाळचा बहर : कुठे, केव्हा आणि कुणामुळे

मार्च महिना संपत आला की आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. कुणाचा मुलगा वॉशिंग्टनला, कुणाची लेक टोकियोला, कुणाची भाची व्हँकुव्हरला. चेरीची झाडे फिक्या गुलाबी फुलांनी गच्च भरलेली, खाली आपली मुले-नातवंडे हसत उभी. आपण कौतुकाने फोटो बघतो, चार नातेवाइकांना पुढे पाठवतो आणि चहा ठेवायला उठतो.

आम्ही उभयताही अनेक वर्षे हेच करीत होतो. तीन वर्षांपूर्वी मात्र आमच्या नातीने फोनवर सहज विचारले, “आजी, आबा, तुमच्या भोपाळमध्ये आत्ता काय फुललंय?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे अवघे आयुष्य या गावात गेले. तालाब किती भरला, भदभदाची दारे केव्हा उघडली, हे आम्ही तोंडपाठ सांगू. पण त्या दिवशी शहरात काय फुलले आहे, हे सांगता येईना. “बघून सांगतो,” असे म्हणून आम्ही फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाताना खिशात एक छोटी वही ठेवली.

त्या वहीतून हा लेख झाला. बघायला निघालो फुले, पण प्रत्येक झाडाखाली थोडा थोडा इतिहास सापडत गेला. भोपाळमध्ये कुठे आणि केव्हा काय फुलते, हे सांगायचे तर ते झाड कुणामुळे तिथे आले, हेही सांगावेच लागते. आणि त्या कहाणीत आपण मराठी मंडळीही आहोत.

आधी थोडे चेरीविषयी. चेरीची फुले सुंदर आहेत यात शंका नाही, पण आम्हाला नवल वाटले ते जपान्यांच्या नोंदींचे. क्योतो शहरात चेरी केव्हा पूर्ण फुलली याच्या नोंदी दरबारी लोकांच्या रोजनिशींत नवव्या शतकापासून सापडतात. संशोधकांनी त्या सगळ्या एकापुढे एक लावल्या, म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला क्योतोची चेरी पूर्ण फुलली तेव्हा ते ठामपणे सांगू शकले, की गेल्या बाराशे वर्षांत ती इतक्या लवकर कधी फुलली नव्हती. हवामान बदलते आहे, याची ही फुलांनी दिलेली साक्ष. वॉशिंग्टनच्या चेरीचीही एक कथा आहे. १९१० साली जपानने भेट म्हणून पाठवलेल्या दोन हजार झाडांना कीड निघाली आणि ती जाळून टाकावी लागली. दोन्हीकडच्या लोकांनी धीर सोडला नाही. १९१२ मध्ये पुन्हा तीन हजारांवर झाडे आली, आणि आज आपली मुले ज्यांच्याखाली उभी राहतात तो बहर तेव्हापासूनचा आहे. या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात : एक नोंद, दुसरी पुन्हा लावणे. शेवटी त्यांच्याकडे परत यायचे आहे.

वस्तीच्या आधीची फुले

भोपाळचा सर्वांत जुना बहर कुणीही लावलेला नाही. तो पळसाचा, काटेसावरीचा आणि मोहाचा. हे शहर ज्या टेकड्यांवर पसरले आहे तिथे मुळात पानझडीचे कोरडे जंगल. थंडी सरता सरता इथली झाडे पाने टाकतात, पाणी जपून ठेवतात आणि नेमकी तेव्हाच फुलतात. पाने नसल्यामुळे पक्ष्यांना आणि मधमाश्यांना फुले लांबून दिसतात. पुढे उन्हाळ्यात बी तयार होते आणि पावसाच्या तोंडाशी जमिनीवर पडते. उघड्या फांदीवरची ही लाल-केशरी आग म्हणजे झाडांचा चोख हिशेब आहे.

पळसाला पाने तीनच, नागपूरला काय, ग्वाल्हेरला काय आणि भोपाळला काय! इथे त्याला कुणी पलाश म्हणते, कुणी टेसू. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत रायसेनच्या रस्त्याने, भोजपूरच्या वाटेला किंवा केरवा-कलियासोतच्या बाजूला निघालात, की शेतांच्या बांधांवर आणि माळांवर तो दिसतोच. आमच्या लहानपणी होळीच्या आदल्या दिवशी घंगाळात टेसूची फुले भिजत घालायची आणि सकाळी ते केशरी पाणी रंगपंचमीपर्यंत पुरवून वापरायचे, हे घरोघरी चाले. काटेसावर पळसाच्या थोडी आगेमागे फुलते. तिच्या जाड पाकळ्यांच्या लाल वाट्यांतला मध प्यायला साळुंक्या, कावळे आणि भोरड्यांचे थवे येतात. तो गोंधळ पाहायचा तर श्यामला टेकडीवर किंवा वनविहाराच्या बाजूला सकाळी सातच्या आत पोचावे.

मोहाचे फूल या दोघांसारखे मिरवत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपूर्वी ते टपटप गळते. रायसेन-सीहोरकडच्या गावांत बायका आणि मुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. शहरातल्या माणसाला मोहाचे फूल म्हणजे दारूच आठवते. पण ज्यांच्या घरी धान्य कमी पडे, त्यांना या फुलांनी कितीतरी उन्हाळे तारले आहेत.

आपली मराठी माणसे या मुलुखात पहिल्यांदा नाव घेण्याजोगी आली ती फौजेबरोबर. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावसाहेबांनी निजामाला भोपाळपाशी कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याला तह झाला. भोपाळहून फार लांब नसलेले हे गाव आजही त्याच नावाने आहे. शाळेत आपण ही लढाई शिकलो. वही हाती घेतल्यावर आम्हाला वेगळाच विचार सुचला : तह झाला तेव्हा पळसाला कळ्या यायला अजून महिना होता. स्वारी थोडी लांबली असती तर माळवा जिंकल्याचा आनंद आणि पळसाचा रंग एकाच वेळी पाहायला मिळाला असता.

बागांच्या नावाचे गाव

दुसरा बहर लावलेला आहे, पण आपण लावलेला नाही. नवाबी भोपाळ हे बागांचे गाव होते. ऐशबाग, बाग फरहत अफजा, नजर बाग, नूर बाग, बाग उमराव दूल्हा, बाग मुगलिया, बाग सेवनिया. आज ही नावे बसच्या पाटीवर आणि घरांच्या पत्त्यात उरली आहेत. ऐशबाग म्हटले की आपल्याला हॉकीचे स्टेडियम आठवते. बाग कुठे होती हे विचारायचे कुणाला सुचत नाही.

१८१९ पासून १९२६ पर्यंत, मधली काही वर्षे सोडली तर, या संस्थानाचा कारभार चार बेगमांनी चालवला : कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतान जहाँ. त्यांच्या काळात शहर तटाबाहेर पसरले, शाहजहानाबादसारखी नवी वस्ती उभी राहिली. आणि बाग म्हणजे तेव्हा नुसती फुलांची वाफेबंदी नव्हे, तर आमराई, विहीर, सावली आणि उत्पन्न. म्हणून या काळाचा खरा बहर म्हणजे आंब्याचा मोहर. जुन्या भागात, तलावांच्या काठी, जिथे एखादी आमराई किंवा जुन्या हवेलीच्या अंगणातले एकटे झाड उरले आहे, तिथे वसंत पंचमीच्या सुमारास संध्याकाळी उभे राहावे. मोहर दिसण्याआधी वासाने कळतो.

या थरातले दुसरे झाड म्हणजे चिंच. ‘चार इमली’ हे नाव आज मोठ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण नावात बंगला नाही, चिंचा आहेत. चिंचेचे फूल किती जणांनी पाहिले आहे? मे-जूनमध्ये झाडाखाली फिकट पिवळ्या, लालसर रेघांच्या बारीक पाकळ्यांचा सडा पडतो. फोटोत तो काहीच दिसत नाही. खाली वाकून एक फूल तळहातावर घेतले तरच त्याची नक्षी कळते.

या काळात आपली दुसरी भेटही फौजेबरोबरच झाली. १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याने भोपाळला कित्येक महिने वेढा दिला. वजीर मोहम्मद खान आणि गावातल्या लोकांनी, बायकांनीसुद्धा, तट लढवला आणि गाव हाती लागले नाही. त्या वेढ्यात आत उपासमार होती. इतिहासात आपण नेहमी तटाच्या बाहेरून पाहतो. इथे राहायला आल्यावर तटाच्या आतूनही पाहायला शिकलो, हे आपल्या पिढ्यांना या गावाने दिलेले शिक्षण आहे. शेजारच्या खालाजानकडची शीरखुर्म्याची वाटी आणि आपल्याकडच्या पुरणपोळीची देवाणघेवाण ज्यांनी केली, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

क्वार्टरच्या दारातला गुलमोहर

तिसऱ्या खेपेला आपण ट्रंका, वळकट्या आणि देव्हारा घेऊन आलो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे सचिवालय उठले. ग्वाल्हेर-इंदूरकडची मध्यभारताची कचेरीही इकडे निघाली. आमच्यापैकी एकाचे वडील नागपूरहून आले, दुसरीचे ग्वाल्हेरहून. दोन्ही घरांत पहिले वाक्य एकच बोलले गेले म्हणे : “अहो, इथे राहायचे कुठे?”

१९५१ च्या जनगणनेत या गावाची वस्ती जेमतेम लाखाच्या वर होती. दहा वर्षांत ती दुपटीहून जास्त झाली. त्या दहा वर्षांत तात्या टोपे नगर उभे राहिले, ज्याला सगळे टी.टी. नगर म्हणतात. पुढे शिवाजी नगर, तुलसी नगर. मराठी फौजांना दोनदा येऊन जे जमले नाही ते सरकारी क्वार्टरांनी करून दाखवले : तात्या आणि शिवाजी महाराज दोघेही भोपाळात कायमचे राहायला आले! क्वार्टरांच्या गणतीवरूनच मोहल्ल्यांना नावे पडली, बारा सौ पचास, ग्यारह सौ, चौहत्तर बंगले, पैंतालीस बंगले. बसच्या थांब्यांना नंबर पडले, आणि मध्ये थांबा वाढवावा लागला तेव्हा साडेसहा नंबर, साडेदहा नंबर अशी खास भोपाळी सोय झाली.

नव्या वसाहतींचे रस्ते उघडे होते. सावली लवकर हवी होती. म्हणून भारतातल्या बहुतेक नव्या वसाहतींप्रमाणे इथेही गुलमोहर आला. तो मूळचा मादागास्कर बेटावरचा. एकोणिसाव्या शतकात तो भारतात पोचला आणि त्याची छत्री पाच-सात वर्षांत अंगणावर पसरते म्हणून शहरांनी त्याला उचलून धरले. त्याच्याबरोबर पिवळ्या फुलांचा सोनमोहर आला, तो आग्नेय आशियाकडचा. कुठे कुठे दक्षिण अमेरिकेतला नीलमोहर आला. आपला देशी बहावा, म्हणजे इथला अमलतास, मात्र रस्त्याकडेला त्यांच्या जोडीने उभा राहिला आणि सौंदर्यात कुणालाच हार गेला नाही. एप्रिलच्या अखेरीस लोंबणारे ते पिवळे घोस ज्याने भर दुपारी पाहिले, त्याला चेरीचे वेगळे अप्रूप वाटू नये.

इकडे गोविंदपुऱ्यात भेलचा कारखाना उभा राहत होता. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. बरखेडा, पिपलानी या खेड्यांच्या नावाने टाऊनशिप वसली. पिपलानीच्या नावात तर पिंपळच आहे. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे आणि प्रत्येक क्वार्टरला थोडे आवार. देशभरातून माणसे आली. बंगाल्याने शिउली लावली, तिलाच आपण पारिजातक म्हणतो. केरळीयाने केळ आणि नारळ लावून पाहिले. आपण तुळशीवृंदावनामागे जास्वंद, तगर, अनंत आणि सोनचाफा लावला. त्या वेळी दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी गेलेले माणूस परत येताना डब्यात चकल्या आणि पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेले एखादे कलम घेऊन येई. रस्त्यावरची झाडे सरकारने लावली, आवारातली आपण.

पण क्वार्टर आपले नव्हते. हे सरकारी नोकराच्या घरात सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा ठरल्या मुदतीत घर सोडावे लागले. कपाटे, देव, शिलाई मशीन, सगळे हातगाड्यांवर गेले. आंबा, पेरू, पारिजातक तिथेच राहिले. आईने जाताना पारिजातकाच्या बिया पुरचुंडीत बांधून घेतल्या आणि शेजारणीला सांगितले, “नव्या माणसांना सांग, बाप्पाच्या दिवसांत फुले वेचून ठेवत जा, वाया घालवू नका.” त्या बियांपैकी एकच रुजली. ते झाड आमच्या आजच्या दारात आहे.

एक डिसेंबर

भोपाळच्या झाडांचा इतिहास लिहायचा आणि १९८४ टाळायचे, हे होणार नाही. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. माणसांचे काय झाले ते आपल्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. झाडांचे काय झाले ते कमी बोलले जाते. कारखान्याजवळच्या वस्त्यांत कित्येक झाडांची पाने पिवळी पडून गळली. आमच्याकडे निष्पर्ण झाड म्हणजे फुलांची चाहूल. त्या डिसेंबरात तसे नव्हते. ऋतू पानगळीचा नव्हता, आणि नीम-पिंपळ उघडे उभे होते.

त्यानंतरचा चैत्र आम्हाला आठवतो. पाडव्याला गुढीसाठी कडुनिंबाची डहाळी आणायला माणसे बिचकत होती. खावी की नाही, असा प्रश्न होता. शेवटी लांबच्या टेकडीवरून डहाळी आणली. एवढी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत कडुनिंबाची कोवळी पाने चावताना ती आठवली नाही असा पाडवा गेला नाही.

पुन्हा लावायचे कुणी?

२०१६ साली स्मार्ट सिटीसाठी पहिल्यांदा शिवाजी नगर आणि तुलसी नगर हा भाग ठरला होता. इथली गर्द झाडी जाईल म्हणून रहिवासी उभे राहिले आणि तो प्रकल्प टी.टी. नगरकडे वळला. टी.टी. नगरातले जुने क्वार्टर मग एकेक करून पडले. २०२४ च्या जूनमध्ये शिवाजी नगर-तुलसी नगरावर पुन्हा वेळ आली. मंत्री आणि आमदारांच्या नव्या निवासस्थानांसाठी सुमारे २९ हजार झाडे जातील, असे वर्तमानपत्रांत आले. लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. बायकांनी खोडांना दोरे बांधले. त्यात आपल्यातल्या अनेक आजी होत्या, ज्यांनी दर ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळले होते. त्यांना दोरा कसा बांधायचा हे शिकवावे लागले नाही. काही दिवसांत शासनाने तो प्रस्ताव मागे घेतला.

आम्हाला आनंद झाला. पण वहीमुळे एक गोष्ट ध्यानात आली होती, ती इथे प्रामाणिकपणे लिहितो. गुलमोहर दीर्घायुषी झाड नाही. पन्नास-साठ वर्षे म्हणजे त्याचे म्हातारपण. मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. मेअखेरच्या वादळात जे झाड आडवे होते ते बहुधा गुलमोहरच असते. राजधानीच्या पहिल्या वर्षांत लावलेली झाडे आता कुऱ्हाड न लावताही जाणार आहेत. आपल्या आई-वडिलांची पिढी जशी एकेक करून गेली तशीच.

गेल्या वर्षी आम्ही टी.टी. नगरात आमचे जुने क्वार्टर शोधायला गेलो. रस्ता ओळखू येईना. गल्ली नाही, नंबर नाही, कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीचे दुकान नाही. शेवटी एका कुंपणाच्या कडेला एक आंबा दिसला. खालच्या फांदीला झोक्याच्या दोराने पडलेली खाच होती. “हाच,” असे दोघे एकदम म्हणालो. आमचा होता की शेजारच्यांचा, हे आता सांगता येणार नाही. त्याला मोहर आला होता. आम्ही वहीत तारीख लिहिली आणि परत आलो.

म्हणून झाडे वाचवा, एवढेच म्हणून भागणार नाही. वॉशिंग्टनच्या लोकांनी जळालेल्या झाडांच्या जागी पुन्हा लावली. आपल्यालाही जाणाऱ्या प्रत्येक गुलमोहरामागे एक झाड लावावे लागेल, आणि शक्यतो इथल्या मातीचे : बहावा, कांचन, तामण, पळस, करंज. गुलमोहराचा राग नाही. तो परका आहे असे त्याला कुणी म्हणू नये. तीन पिढ्या सावली दिल्यावर कोण परका राहतो? पण पुढची साठ वर्षे मोजायची तर इथला उन्हाळा मुळापासून ओळखणारे झाड बरे.

केव्हा, कुठे : कापून ठेवण्याजोगे टिपण

पौष-माघ (जानेवारी-फेब्रुवारी) : लिंक रोड नंबर एकवरच्या शासकीय गुलाब उद्यानात गुलाब, प्रदर्शन जानेवारीत भरते. वसंत पंचमीपासून आंब्याचा मोहर. जुने शहर, तलावाचे काठ, शिल्लक राहिलेल्या आमराया.

माघ-फाल्गुन (फेब्रुवारी-मार्च) : काटेसावर, कांचन आणि पळस. श्यामला टेकडी, वनविहाराची बाजू, भोजपूर आणि रायसेनचे रस्ते, केरवा. कांचनाच्या कळ्या याच वेळी भाजीबाजारात ‘कचनार’ म्हणून मिळतात. दह्यातली भाजी जरूर करून पाहावी.

चैत्र (मार्च-एप्रिल) : कडुनिंबाचा बारीक पांढरा फुलोरा. संध्याकाळी कुठल्याही जुन्या कॉलनीत वासावर चालत जावे. शहराबाहेर मोह, पहाटे.

वैशाख-ज्येष्ठ (एप्रिलअखेर ते जून) : बहावा, गुलमोहर, सोनमोहर. शिवाजी नगर, तुलसी नगर, चार इमली, अरेरा कॉलनी, बरखेडा आणि पिपलानी. गुलमोहर सकाळी आठच्या आत पाहावा. रात्री गळलेल्या पाकळ्या झाडूवाल्यांनी गोळा करण्यापूर्वी रस्ता लाल असतो.

आषाढ-श्रावण (जुलै-ऑगस्ट) : कदंबाचे केशरी चेंडू. पाऊस थांबला की लगेच निघावे.

भाद्रपद (ऑगस्ट-सप्टेंबर) : पारिजातक फुलू लागतो. बाप्पाच्या पत्रीसाठी आघाडा, दूर्वा, रुई, शमी, बेल आपल्या परिसरात कुठे आहेत, हे मुलांना याच दिवसांत दाखवावे. बाजारातल्या जुडीवर विसंबलो की पुढच्या पिढीला झाड ओळखता येत नाही.

आश्विन-कार्तिक (ऑक्टोबर-नोव्हेंबर) : सप्तपर्णी. रात्री नऊनंतर वासाने रस्ता भरतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र लांबूनच जावे. याच सुमारास बुचाची, म्हणजे आकाशनीमची, लांब देठांची पांढरी फुले खाली पडलेली सापडतात. खरी चेरी पाहायची हौस असेल तर नोव्हेंबरातच शिलाँगला जावे. तिथली हिमालयी चेरी मार्चमध्ये नव्हे, त्या महिन्यात फुलते.

एक सूचना. तिथी आणि फुले नेहमी बरोबर चालत नाहीत. २०२३ ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. मध्ये अधिक श्रावण पडला आणि २०२४ ची होळी २४ मार्चला गेली. ज्या वर्षी होळी उशिरा येते त्या वर्षी पळस आपल्यासाठी थांबत नाही. तेव्हा वहीत तिथीबरोबर तारीखही लिहावी.

हीच आमची विनंती. आपल्या मंडळात वर्गणीची वही आहे, आरतीची वही आहे, महाप्रसादाच्या सामानाचीही वही आहे. यंदा एक वही बहराची ठेवू या. पहिला पळस कुणी, कुठे, कोणत्या तारखेला पाहिला. अमुक रस्त्यावरचा बहावा केव्हा फुलला. कोणते झाड पडले आणि त्या जागी काय लावले. प्रत्येक घराने वर्षाला चार ओळी लिहिल्या तरी पुरे. बाराशे वर्षांचे काम आहे. पहिले वर्ष तर आपल्या हाती आहे.

पुढच्या मार्चमध्ये नातीचा फोन येईल. चेरीचा फोटो आधी तिच्याकडून येऊ दे. मग आम्ही आमची वही उघडून वाचून दाखवू.